थर्ड पार्टीत मागे बसणारा येत नाही

दोन महिन्यांपासून नागपूरच्या रायडर ग्रुपांमध्ये एक मेसेज फिरतोय. आधी तो आमच्या रविवारच्या ग्रुपवर आला, मग ऑफिसच्या ग्रुपवर, आणि परवा मामेभावाने पाठवला. त्याने या दिवाळीत पहिली टूरिंग मोटरसायकल घेतली आहे. बायकोला मागे बसवून पचमढीला जायचा त्याचा बेत आहे. मेसेजखाली त्याने विचारलं होतं, "दादा, हे खरं आहे ना?" फोनवर त्याला उत्तर दिलं, पण पाच मिनिटांत आटपणारी ही गोष्ट नाही, म्हणून लिहायला बसलो.

मेसेज साधारण असा आहे: "टूरिंग गाडी पोसणाऱ्यांनो, लुटले जाऊ नका. नव्या गाडीला शोरूममध्येच पाच वर्षांचा इन्शुरन्स मिळतो, मधे काही भरू नका. पाच वर्षांनंतर फक्त थर्ड पार्टी घ्या, त्यात मागे बसणाराही येतो. फुल इन्शुरन्सवाले क्लेम कधीच पूर्ण देत नाहीत. ज्यांनी फुल काढलाच आहे त्यांनी दरवर्षी छोटा-मोठा क्लेम करून पैसे वसूल करा. बॅगा, गार्ड, फॉग लॅम्प आपोआप कव्हर असतात. गाडी वर्षात दोन-तीन ट्रिपलाच निघत असेल तर सर्व्हिसिंग किलोमीटर बघून करा, महिने बघून नाही. वाचलेल्या पैशात लडाख होतं."

माझी गाडी ४११ सीसीची, २०१८ ची, एमएच-३१ पासिंगची. साठ हजारांच्या वर किलोमीटर झालेत. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्या शहरातून जातो, त्यामुळे नागपूरच्या माणसाला उत्तरेला निघायचं तरी तोच रस्ता आणि दक्षिणेला निघायचं तरी तोच. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे आपलं सगळं टूरिंग ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि मानसरच्या पुढच्या जंगलातून रस्त्यावर येणारी जनावरं यांच्यामधूनच होतं. हे डोळ्यांसमोर ठेवून मेसेजमधलं एकेक वाक्य घेतो.

"नव्या गाडीला पाच वर्षांचा इन्शुरन्स मिळतो." अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यातच माणूस फसतो. सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. पाच वर्षं असतो तो फक्त थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांना झालेल्या नुकसानीचा. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, चोरीचा, आगीचा भाग बहुतेक पॉलिसींत एकाच वर्षाचा असतो. मामेभावाला मी पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवायला सांगितलं. त्यावर मुदतीच्या दोन वेगळ्या ओळी होत्या, एक पुढच्या दिवाळीपर्यंतची आणि दुसरी पाच वर्षांपर्यंतची. त्याला दुसरीच ठाऊक होती. गाडी चौदाव्या महिन्यात चोरीला गेली असती तर हाती एक रुपया आला नसता, आणि चौकात पोलिसांनी कागद तपासले असते तर मात्र सगळं बरोबरच निघालं असतं.

ज्यांचा तो एक वर्षाचा भाग संपला आहे, त्यांना १ सप्टेंबर २०१९ पासून फक्त स्वतःच्या नुकसानीचा वेगळा विमा घेता येतो, हव्या त्या कंपनीकडून. मात्र मुदत संपून ९० दिवस उलटले की साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो. खंड पडला असेल तर गाडीची तपासणीही करून द्यावी लागते. म्हणजे "मधे काही भरू नका" हा सल्ला मानणारा माणूस पुढे जास्तच भरतो.

आता दुसरं वाक्य. "थर्ड पार्टीत मागे बसणाराही येतो." हे सरळ चूक आहे, आणि सगळ्या मेसेजमध्ये मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य हेच.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या ग्रुपमधला एक मित्र धाकट्या भावाला मागे घेऊन तामियाहून छिंदवाड्याकडे उतरत होता. एका वळणावर रस्त्याच्या कामाची बारीक गिट्टी पसरलेली होती. वेग जास्त नव्हता. पुढचं चाक सरकलं आणि दोघं उजव्या अंगावर पडले. समोर ट्रक नव्हता, मागे गाडी नव्हती, कुणाचा धक्का नाही. मित्राला खरचटलं. भावाचा गुडघा गाडी आणि दगडी कठड्याच्या मधे सापडला. दोन ऑपरेशनं झाली आणि तो आठ महिने कामावर जाऊ शकला नाही. मित्राच्या पॉलिसीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'लायबिलिटी ओन्ली', म्हणजे फक्त थर्ड पार्टी. वकिलाकडे मीही सोबत गेलो होतो. वकिलांनी कागद दोनदा वाचला, खाली ठेवला आणि सांगितलं की या पॉलिसीतून भावाला काही मिळणार नाही. मित्राने विचारलं, "पण सर, मागं बसलेला थर्ड पार्टी नाही, तं मंग कोन आहे?"

कायद्यात या प्रश्नाचं उत्तर आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ ने जो विमा सक्तीचा केला आहे, तो रस्त्यावरच्या इतर माणसांसाठी आहे. दुचाकीवर मोफत मागे बसलेला माणूस त्या सक्तीच्या विम्यात येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००६ साली टिळक सिंग प्रकरणात स्पष्ट केलं. पुढे २००९ साली विमा नियामकाने परिपत्रक काढून कंपन्यांना सांगितलं, की सर्वसमावेशक म्हणजे ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो त्या पॉलिसीत मात्र दुचाकीच्या मागे बसणाऱ्याची जबाबदारी कंपनीवरच आहे. त्या पॉलिसीतल्या जबाबदारीच्या कलमात 'वाहनातून नेल्या जाणाऱ्या व्यक्तींसह' अशा अर्थाचे शब्द असतात, थर्ड पार्टीच्या पॉलिसीत नसतात. त्या एवढ्याशा शब्दांवर त्या भावाचे आठ महिने अडकले होते.

दुसऱ्या गाडीने चूक करून ठोकलं, तर मागे बसणाऱ्याला त्या दुसऱ्या गाडीच्या विम्यातून भरपाई मागता येते, हे खरं आहे. पण टूरिंगमध्ये अपघात कसे होतात ते आठवून पाहा. गिट्टी. पावसानंतरचा चिखल. पहाटे खवासाच्या अलीकडे अचानक समोर आलेलं रानडुक्कर. ओव्हरटेक करताना आपणच चुकलेलं अंतर. यातल्या कितीतरी वेळा समोर दुसरी गाडीच नसते, किंवा चूक आपली असते. अशा वेळी मागे बसलेलं माणूस उघडं पडतं, आणि मागे बसलेलं माणूस बहुधा आपली बायको, बहीण, भाऊ नाही तर मुलगी असते.

फुल इन्शुरन्स असला की दवाखान्याचं बिल आपोआप भरलं जातं, असंही कुणी समजू नये. मागे बसणाऱ्याची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करून मिळवावी लागते आणि त्याला वेळ लागतो. बिलासाठी आरोग्य विमा वेगळा हवाच. पण दावा करायला जागाच नसणं आणि दावा चालायला वेळ लागणं, यांत फार फरक आहे.

आणि चालवणाऱ्याचं काय? मालक स्वतः थर्ड पार्टी नसतोच. त्याच्यासाठी १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा असतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पूर्ण रक्कम, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मी. यातूनही दवाखान्याचा खर्च मिळत नाही. जानेवारी २०१९ पासून हा विमा वेगळा घेता येतो, आणि घरात तुमच्या नावावर तीन गाड्या असल्या तरी एकच पुरतो. "दुसऱ्या गाडीवर आहे" असं सांगून ऑनलाइन पॉलिसी काढताना त्याची खूण काढून टाकणारे बरेच भेटतात. खरंच दुसऱ्या गाडीवर असेल तर ठीक. नसेल तर काही शे रुपयांसाठी पंधरा लाख सोडले. मित्राची गाडी मागून नेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: २०२० च्या रामखिलाडी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की उधार गाडी चालवणारा मालकाच्या जागी येतो, त्यामुळे त्याला त्या गाडीच्या विम्यावर थर्ड पार्टी म्हणून दावा करता येत नाही. "चाबी दे न भाऊ, रामटेकला जाऊन येतो" म्हणणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही हे ठाऊक असावं.

"फुल इन्शुरन्सवाले क्लेम कधीच पूर्ण देत नाहीत." या वाक्यामागचा राग मला समजतो. पण पैसे कशामुळे कापले जातात ते आधीच छापलेलं असतं, आणि ते वाचलं तर राग निम्मा होतो. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, कापला जातो, गाडी नवी असली तरी. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने काही नाही, मग वर्ष होईपर्यंत ५ टक्के, दुसऱ्या वर्षात १०, तिसऱ्यात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५, नंतर दहा वर्षांपर्यंत ४० आणि त्यापुढे ५०. मजुरी पूर्ण मिळते.

उदाहरण घेऊ. साडेतीन वर्षांची गाडी पडली. हेडलॅम्प, इंडिकेटर, मडगार्ड असे प्लास्टिकचे भाग ६००० रुपयांचे, हँडल आणि फूटरेस्टसारखे धातूचे भाग ८००० चे, मजुरी २५००. बिल झालं १६,५००. प्लास्टिकचे ३००० मिळाले, धातूचे ६०००, मजुरीचे २५००. एकूण ११,५००, त्यातून सक्तीचे १०० रुपये वजा. माणूस म्हणतो, पाच हजारांना चुना लावला. खरं तर तो घसारा होता, आणि तो नको असेल तर झिरो डेप नावाचं जोडकव्हर घ्यायचं असतं. टूरिंग गाडीला प्लास्टिक बरंच असतं, त्यामुळे जोपर्यंत कंपनी देते तोपर्यंत मी झिरो डेप घ्यावं असंच सांगेन. एजंट त्याच दमात चावी हरवल्याचं, कन्झ्युमेबल्सचं (ऑइल, नट-बोल्ट वगैरे) अशी आणखी चार कव्हरं पुढे करतो. ती बघून घ्या, बहुतेक वेळा सोडून दिली तरी चालतात.

एक जोडकव्हर मात्र सोडू नका, इंजिन प्रोटेक्शनचं. २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र नागपूरकर विसरणार नाहीत. अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी घरांत शिरली आणि पहाटे उठून पाहिलं तर पार्किंगमध्ये गाड्या टाकीपर्यंत बुडालेल्या. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाने पाणी ओसरल्यावर घाईघाईने स्टार्टर दाबला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आतून ठक् असा आवाज आला आणि सगळं गप्प. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर गेला की कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने गाडी बुडाल्याचं नुकसान मान्य केलं, इंजिनचं नाही, कारण ते पाण्यात उभी राहिल्याने झालेलं नव्हतं, नंतर सुरू केल्याने झालेलं होतं. त्या पोराचा चेहरा अजून आठवतो. गाडी बुडाली तर स्टार्टरला हात लावायचा नाही. बॅटरीची वायर काढा, प्लग काढा, एअर फिल्टरचा डबा रिकामा करा, ऑइल काढून बघा. ते चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. फोटो काढा, कंपनीला कळवा आणि गाडी ढकलत किंवा टेम्पोतून गॅरेजला न्या.

टेम्पोवरून आठवलं. दुचाकीच्या साध्या पॅकेज, म्हणजे फुल इन्शुरन्सच्या, पॉलिसीत अपघातानंतर गाडी उचलून न्यायला मिळणारी रक्कम ३०० रुपयांपर्यंतच असते. लखनादोनला गाडी पडली तर ३०० रुपयांत कोण नागपूरला आणून देणार? लांब जाणाऱ्याने रोड साइड असिस्टन्स, म्हणजे रस्त्यात गाडी अडली तर मदत देणारं जोडकव्हर, घ्यावं, आणि त्यात किती किलोमीटरपर्यंत टोइंग आहे ते वाचूनच घ्यावं.

"दरवर्षी छोटा-मोठा क्लेम करून वसूल करा." यात दोन गोष्टी आहेत. खोटा क्लेम ही फसवणूक आहे, त्यावर मी वेगळं बोलणार नाही. खरा पण छोटा क्लेम असेल तर हिशोब करून पाहा. नो क्लेम बोनस एक वर्ष क्लेम न घेतल्यास २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. ही सूट फक्त स्वतःच्या नुकसानीच्या भागावर असते, थर्ड पार्टीवर नाही. समजा तो भाग सुटीआधी २५०० रुपयांचा आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात, म्हणजे १२५० भरता. आरसा आणि इंडिकेटर फुटला म्हणून १५०० चा क्लेम घेतला. पुढच्या वर्षी सूट शून्य, भरावे लागतात २५००. त्यानंतर २०००, मग १८७५, १६२५, १३७५, आणि सहाव्या वर्षी परत १२५०. बेरीज केली तर ३१२५ रुपये जास्त गेले, वर १८ टक्के जीएसटी. दीड हजार घ्यायला साडेतीन हजारांच्या वर मोजले. छोटी मोडतोड खिशातून करावी, क्लेम मोठ्या घावासाठी ठेवावा. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेतली तर तो सोबत नेता येतो, आणि हे शोरूमवाला स्वतःहून सांगेलच असं नाही.

बॅगा आणि फॉग लॅम्पबद्दल थोडक्यात. कंपनीकडून गाडीसोबत न आलेल्या वस्तू पॉलिसीत वेगळ्या नोंदवून, त्यांची किंमत लिहून, त्यावर प्रीमियम भरला तरच त्या कव्हर होतात. आणि दुचाकीच्या पॉलिसीत एक अट असते जी चारचाकीवाल्याला ठाऊक नसते: नुसत्या ॲक्सेसरीज चोरीला गेल्या तर भरपाई नाही, गाडीही त्याच वेळी चोरीला गेली पाहिजे. पचमढीच्या लॉजखाली रात्रभर बॅगा गाडीवरच ठेवणाऱ्यांनी हे वाक्य मनात ठेवावं आणि बॅगा खोलीत न्याव्यात. टायरचंही तसंच. नुसता टायर फाटला तर काही नाही, गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरचे निम्मे.

आता सर्व्हिसिंग. "किलोमीटर बघून करा, महिने बघून नाही." मॅन्युअल उघडा. तिथे किलोमीटर आणि महिने असे दोन्ही आकडे असतात, आणि जे आधी येईल ते धरायचं असतं. मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं की गाडी झिजते ती फक्त चालून. उभी गाडीही खराब होते, आणि नागपुरात जास्तच.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. नवतपात कंपाउंडमध्ये उघड्यावर ठेवलेल्या गाडीच्या टायरवर बोट फिरवून पाहा. बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा दिसतात. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी पूर्ण शिल्लक असली तरी असा कडक झालेला टायर ओल्या रस्त्यावर धरत नाही. सेकंडहँड टूरिंग गाडी घेताना मी आधी हेच आकडे बघतो, मीटर नंतर.

ब्रेकचं तेल तर मुळीच किलोमीटर बघत नाही. डिस्क ब्रेकमधलं डॉट ४ तेल हवेतली ओल शोषतं. नवं तेल २३० अंशांच्या आधी उकळू नये असा त्याचा मापदंड आहे, ओल प्यायलेल्या तेलासाठी तोच आकडा १५५ वर येतो. शहरात तेवढी उष्णता होत नाही म्हणून फरक कळत नाही. घाटात कळतो. माझ्यासोबत हे घडलंय. एका वर्षी गाडी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जवळपास उभीच होती. निघण्याआधी मी ऑइल तपासलं, हवा भरली आणि पचमढीला गेलो. परत उतरताना चौथ्या-पाचव्या वळणावर पुढच्या ब्रेकचा लिव्हर एकदम नरम झाला, ग्रिपला टेकेपर्यंत आत गेला. तेल उकळून त्यात बुडबुडे झाले होते. गाडी इंजिनवर आणि मागच्या ब्रेकवर उतरवली. बाजूला लावून अर्धा तास थांबलो, लिव्हर परत घट्ट झाला, पण हात थरथरत होते. घरी येऊन सक्करदऱ्याच्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने ब्रेकच्या डबीचं झाकण उघडलं. नवं तेल जवळजवळ पाण्यासारखं असतं, माझं काळ्या चहासारखं होतं. तो म्हणाला, "किती वर्षं झाले हे बदलून?" तीन वर्षं झाली होती, किलोमीटर मात्र मॅन्युअलमधल्या आकड्याच्या खूप आत. तेव्हापासून दर दोन वर्षांनी, दसऱ्याला, गाडी किती का चालली असेना, तेल बदलतो. खर्च काही शे रुपये.

उभ्या गाडीची चेन पावसाळ्यात गंजून कडक होते, एकेक कडी वळत नाही. चाक फिरवून पाहिलं की चेन एका ठिकाणी ताणलेली आणि दुसऱ्या ठिकाणी सैल लागते. ती तशीच पळवली की चेन किट वेळेआधी जातं. पावसाआधी रॉकेलने किंवा चेन क्लीनरने धुऊन, सुकवून, ल्यूब मारून ठेवावी. लांबच्या प्रवासात मी साधारण ५०० किलोमीटरला ल्यूब मारतो, संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर, चेन गरम असताना. हवा मात्र सकाळी, टायर थंड असताना तपासायची. दुपारी वर्धा रोडवर तापलेल्या टायरमध्ये मोजलेला आकडा खोटा असतो. मागे माणूस आणि सामान असेल तर मागच्या चाकाची हवा वेगळी लागते, तो आकडा चेन गार्डवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो.

यातलं काहीही विम्यात नाही. झीज, जुनेपणा, यांत्रिक बिघाड हे सगळं पॉलिसीच्या बाहेर. विमा पडल्यानंतरचं बघतो, पडू नये यासाठी आपल्याकडे गॅरेज आहे. एका ठिकाणी वाचवून दुसरीकडून वसूल होत नाही.

मेसेजमध्ये एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे, ती मान्य करतो. पाच वर्षांनंतर गाडीची विम्याची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, आणि ती बरीच उतरलेली असते. बारा-तेरा वर्षांची, बाजारात वीस हजार किमतीची, फक्त मंडईपर्यंत जाणारी आणि एकट्याने चालवायची गाडी असेल तर थर्ड पार्टी घेणारा माणूस चूक करत नाही. त्याने १५ लाखांचा वैयक्तिक विमा तेवढा जोडावा. पण मेसेज टूरिंग गाडीवाल्यांना उद्देशून आहे, आणि तो हिशोब फक्त लोखंडाचा मांडतो. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्यावर बसलेल्या माणसांची उतरत नाही.

राहिलं लडाख. जून २०२२ पासूनच्या दरांत थर्ड पार्टीचा प्रीमियम १५० ते ३५० सीसीला १३६६ रुपये आणि ३५० च्या वर २८०४ रुपये आहे. तो दोन्ही बाबतींत भरायचाच आहे, म्हणून तो वाचत नाही. वाचतो तो फक्त स्वतःच्या नुकसानीचा भाग. वरच्या उदाहरणातला, बोनस नसतानाचा, धरा २५०० रुपये. नागपुरात पेट्रोल शंभराच्या वर आहे. गाडीने लिटरला ३० दिले तर त्या पैशात ७०० किलोमीटर होतात, म्हणजे ४४ नंबरच्या रस्त्याने फार तर ग्वाल्हेरपर्यंत. लेह तिथून आणखी तेराशे-चौदाशे किलोमीटर दूर आहे, आणि परत यायचं पेट्रोल यात नाही.

आमच्या ग्रुपमध्ये आता एक पद्धत पडली आहे. ती त्या तामियावाल्या मित्राने सुरू केली. रविवारी पहाटे पाचला झिरो माइलजवळ जमल्यावर तो प्रत्येकाला मोबाइलवर पॉलिसीचं पहिलं पान उघडायला लावतो. मागच्या महिन्यात नवीन आलेल्या एकाच्या पानावर 'लायबिलिटी ओन्ली' हेच दोन शब्द होते, आणि मागे त्याची बायको हेल्मेटचा पट्टा लावत उभी होती. मित्राने तिच्यासमोर काही म्हटलं नाही. त्याला बाजूला नेलं आणि भावाच्या गुडघ्याचा फोटो दाखवला. त्या दिवशी ती दोघं देवलापारला न येता कामठी रोडवर चहा पिऊन परत गेली. पॉलिसीची मुदत बारा दिवसांनी संपत होती. स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात खंड पडलेला असल्यामुळे त्याला गाडीचा व्हिडिओ काढून द्यावा लागला, चेसिस नंबरसकट. तेराव्या दिवशी संध्याकाळी त्याने ग्रुपवर काही न लिहिता नव्या पॉलिसीचं पहिलं पान टाकलं.